वाद्यवृंदाची सॅम्पल लायब्ररी निवडताना आणि बसवताना

पुण्यात एकांकिका स्पर्धांचा हंगाम जवळ आला, की पार्श्वसंगीत करणारी महाविद्यालयीन मुले-मुली एकच प्रश्न घेऊन येतात: वाद्यवृंदाचा आवाज हवा आहे, तर कोणती लायब्ररी घ्यावी? या प्रश्नाला एखादे नाव सांगून मोकळे होणे मला बरोबर वाटत नाही. सॅम्पल लायब्ररी म्हणजे एका ठरावीक दालनात, ठरावीक वादकांनी, ठरावीक मायक्रोफोनांसमोर वाजवलेल्या हजारो सुट्या स्वरांचा, संगणकावर कीबोर्डच्या कळांनी वाजवता येणारा संग्रह असतो, आणि वादकांच्याही आधी कानावर पडते ते दालन. म्हणून मी त्यांना उलट विचारते, की तुमचे संगीत कोणत्या जागेत वाजत असल्यासारखे ऐकू यायला हवे? याचे उत्तर मिळाले की निम्मी निवड आपोआप होते.

दालनाचा विचार आधी

बाजारातल्या मोठ्या लायब्रऱ्यांची ओळख त्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या जागेवरूनच करून घ्यावी. व्हिएन्ना सिंफनिक लायब्ररीचे सुरुवातीचे संच ‘सायलेंट स्टेज’ नावाच्या जागेत मुद्रित झाले. तिथे घुमारा मुद्दाम अगदी कमी ठेवलेला होता, त्यामुळे ते संच कोरडे आहेत. पुढे याच संस्थेने ‘सिंक्रॉन स्टेज’ या मोठ्या दालनात मुद्रण सुरू केले आणि त्या संचांचा स्वभावच पालटला. ऑर्केस्ट्रल टूल्सची बर्लिन मालिका बर्लिनच्या टेल्डेक्स दालनातली आहे. स्पिटफायर ऑडिओच्या अनेक लायब्रऱ्या लंडनच्या एअर स्टुडिओतल्या लिंडहर्स्ट हॉलमध्ये, म्हणजे एका जुन्या चर्चच्या वास्तूत, मुद्रित झाल्या आहेत. त्याच कंपनीची बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा ही लायब्ररी मात्र मेडा व्हेल येथील पहिल्या स्टुडिओत मुद्रित झाली. ईस्टवेस्टच्या हॉलीवूड ऑर्केस्ट्राचे मुद्रण हॉलीवूडमधल्या त्यांच्या स्वतःच्या स्टुडिओत झाले.

कोरड्या लायब्ररीत प्रत्येक वाद्याला जागा, अंतर आणि घुमारा आपण द्यायचा असतो. त्यात स्वातंत्र्य पुष्कळ आहे, पण ते पेलायला तयार कान लागतो. दालनातल्या लायब्ररीत वादक आपापल्या खऱ्या जागी बसूनच वाजवत असतात, त्यामुळे पहिली व्हायोलिने डावीकडून, चेलो आणि डबल बास उजवीकडून, हॉर्न मागून असे चित्र आयते मिळते. मात्र मुद्रणात मुरलेला घुमारा नंतर काढून टाकता येत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने एकाच दालनात मुद्रित झालेला संपूर्ण वाद्यवृंद घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तंतुवाद्ये एका कंपनीची, ब्रास (ट्रंपेट, ट्रंबोन, हॉर्न अशी पितळी वाद्ये) दुसरीचा आणि वुडविंड (फ्लूटसारखी फुंकून वाजवायची वाद्ये) फुकटात मिळाले म्हणून तिसरीकडचे, अशी गोधडी जोडायचा मोह सगळ्यांनाच होतो.

हा मोह मलाही झाला होता. एका प्रायोगिक एकांकिकेसाठी मी कोरडी तंतुवाद्ये आणि मोठ्या दालनातला ब्रास एकत्र बांधला. घरी हेडफोनवर सगळे छान वाटले. रंगीत तालमीत तेच संगीत नाट्यगृहाच्या स्पीकरांतून वाजले तेव्हा व्हायोलिने रंगमंचाच्या कडेवर येऊन उभी आहेत आणि ट्रंबोन पलीकडच्या इमारतीत वाजत आहेत असे ऐकू आले, कारण त्या यंत्रणेत डावा-उजवा मिळून एकच आवाज होत होता आणि रुंदीने झाकलेली विसंगती उघडी पडली. प्रयोगाआधीच्या दोन रात्री जागून मी सगळा ब्रास बदलला. तेव्हापासून दोन दालने एकत्र आणायची वेळ आली, तर मी घुमारा असलेल्या लायब्ररीचा (तिच्यात एकच स्वर जवळच्या आणि दूरच्या मायक्रोफोनांनी वेगवेगळा मुद्रित केलेला असतो) जवळचा मायक्रोफोन वाढवते, तिचे दूरचे मायक्रोफोन कमी करते आणि कोरड्या वाद्यांना आधी छोट्या खोलीचा आणि मग मोठ्या दालनाचा असा दोन टप्प्यांत घुमारा देते. त्याने अंतर बरेचसे जुळते, पण एकाच दालनाची एकजिनसी गोडी येत नाही.

ऐकून पाहण्याची रीत

कंपन्यांच्या जाहिरातीतले संगीत कसलेल्या संगीतकारांनी केलेले असते. त्यावरून लायब्ररीपेक्षा त्या संगीतकाराची ताकद कळते. ज्यात एकेक वाद्य सुटे, कोणत्याही सजावटीशिवाय वाजवून दाखवले आहे, अशीच प्रात्यक्षिके शोधून ऐकावीत आणि ती ऐकताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट म्हणजे हळू आवाज. चांगला वाद्यवृंद सर्वांत जास्त परिणाम करतो तो अगदी कुजबुजल्यासारखा वाजतो तेव्हा, आणि लायब्ररीची कमअस्सल बाजूही तिथेच दिसते. प्रत्येक स्वर साधारणपणे हळू, मध्यम, जोरात अशा अनेक थरांत मुद्रित केलेला असतो, आणि मॉड व्हील, म्हणजे कीबोर्डवरचे छोटे चाक, वर नेले की एका थरातून दुसऱ्यात जाता येते. मॉड व्हील शून्यापासून १२७ पर्यंत सावकाश, आठ-दहा सेकंदांत फिरवलेले ऐकावे: आवाजाचा पोत सलग उजळत गेला पाहिजे, मध्येच पायरी चढल्यासारखा धक्का बसता कामा नये. एकट्या वाद्यात, उदाहरणार्थ फ्लूट किंवा हॉर्नमध्ये, दोन थर एकमेकांवर येताना क्षणभर दोन वादक वाजवत असल्याचा भास होतो. तो कुठे आणि किती होतो हेही ऐकून ठेवावे.

दुसरी गोष्ट पुनरावृत्तीची. एकच छोटा, तुटक स्वर आठ वेळा लागोपाठ वाजवला आणि आठही वेळा तंतोतंत सारखा ऐकू आला, तर यंत्राची टकटक जाणवते. हे टाळण्यासाठी एकच स्वर अनेकदा वाजवून घेऊन त्या आवृत्त्या आळीपाळीने वापरतात. याला राउंड रॉबिन म्हणतात.

तिसरी गोष्ट लेगाटो, म्हणजे स्वर न तोडता जोडून वाजवणे, आणि ही आपल्याकडच्या श्रोत्यांना विशेष समजावून सांगावी लागते. लेगाटोच्या पॅचमध्ये (पॅच म्हणजे लायब्ररीतला एखाद्या वाद्याचा किंवा वादनप्रकाराचा संच) एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर जातानाचा सांधा प्रत्यक्ष मुद्रित केलेला असतो, म्हणून रेषा अखंड वाटते. पण हा सांधा म्हणजे मींड नव्हे. नाट्यसंगीत आणि भावगीते ऐकत वाढलेला आपला कान व्हायोलिनकडून आंदोलनाची, स्वराला हळुवार वळसा घालून पुढच्या स्वरावर उतरण्याची अपेक्षा करतो आणि ती पुरी झाली नाही की लायब्ररीला दोष देतो. पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या मुद्रणात ते असणारच नाही. चाल रागदारीच्या अंगाची असेल, तर सॅम्पलचा समूह मागे ठेवावा आणि मुख्य ओळ एखाद्या व्हायोलिनवादकाकडून प्रत्यक्ष वाजवून घ्यावी. पुण्यात असे वादक भरपूर आहेत, आणि एका जिवंत व्हायोलिनमुळे मागची सगळी सॅम्पलही जिवंत वाटू लागतात.

समूहाचा आकारही पाहून घ्यावा. पूर्ण सिंफनी वाद्यवृंदात पहिली व्हायोलिने १६, दुसरी १४, व्हिओला १२, चेलो १० आणि डबल बास ८ असा प्रघात आहे. त्या १६ जणांच्या पॅचवर तीन स्वरांचा कॉर्ड धरला की कागदोपत्री ४८ व्हायोलिने वाजू लागतात, आणि आवाज फुगतो तो त्यामुळेच. संवादाखाली वाजणाऱ्या पार्श्वसंगीताला तीन-चार वादकांचे छोटे गट अनेकदा अधिक शोभतात, कारण त्यांच्यातून शब्द स्पष्ट ऐकू येतात. आणि शक्य असेल त्याने मुंबईच्या एनसीपीएमध्ये जाऊन २००६ साली स्थापन झालेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा एक तरी कार्यक्रम प्रत्यक्ष ऐकावा. दहा प्रात्यक्षिकांनी कळत नाही एवढे एका संध्याकाळी कळते.

पैसा आणि परवाना

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे इथे अक्षरशः लागू आहे, कारण पैशांबरोबर हार्ड डिस्कवरची जागाही मोजावी लागते. बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राची ‘डिस्कव्हर’ ही आवृत्ती विनामूल्य घेता येते आणि ती जेमतेम २०० मेगाबाइटची आहे. तिचीच ‘प्रोफेशनल’ आवृत्ती सुमारे ६०० गिगाबाइटची आहे. नवख्याने डिस्कव्हरवर दोन-तीन रचना पूर्ण कराव्यात आणि नेमके काय कमी पडते हे समजल्यावरच पैसे खर्च करावेत. ‘व्हीएससीओ २’ची कम्युनिटी आवृत्तीही विनामूल्य आहे, एसएफझेड स्वरूपातल्या अशा संचांसाठी प्लोगचे ‘स्फोर्झांडो’ हे मोफत प्लेअर, म्हणजे सॅम्पल वाजवणारे सॉफ्टवेअर, चालते. ईस्टवेस्टची ‘कंपोझरक्लाउड’सारखी वर्गणी एखाद्या मोठ्या कामापुरती सोयीची पडते, पण वर्गणी थांबली की जुने प्रकल्पही मुके होतात, हे ध्यानात ठेवून प्रत्येक ओळ ऑडिओ फाइल म्हणून काढून ठेवावी.

खरेदी करताना परकीय चलनातल्या किमतीवर १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे शुल्क पडू शकते, म्हणून एकूण रकमेचा हिशेब आधी करावा. कार्डावर परदेशी व्यवहार सुरू केलेले आहेत का, तेही पाहावे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डांवर ते मुळात बंद असतात. नोव्हेंबरच्या अखेरीस बहुतेक कंपन्या मोठी सवलत देतात, शिवाय अनेकांकडे विद्यार्थ्यांसाठी वेगळी किंमत असते. बहुतेक परवाने दुसऱ्याला विकता येत नाहीत, त्यामुळे चुकलेली खरेदी वाया जाते. पेन ड्राइव्हवरून हातोहात फिरणाऱ्या चोरीच्या प्रती घेऊ नयेत. ज्या वादकांचे श्रम आपण वापरणार आहोत, त्यांच्याशी हा व्यवहार सरळ असावा असे मला मनापासून वाटते.

लायब्ररी कोणत्या प्लेअरमध्ये चालते हेही पैसे भरण्याआधी वाचावे. कॉन्टॅक्ट या सॉफ्टवेअरचे मोफत प्लेअर आणि पूर्ण कॉन्टॅक्ट यांत फरक आहे: काही लायब्रऱ्यांना पूर्ण आवृत्तीच लागते आणि मोफत प्लेअरमध्ये त्या काही मिनिटांच्या चाचणीपुरत्याच वाजतात.

संगणक

पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एसएसडी घ्यायला गेल्यावर किती मोठी आणि कोणत्या प्रकारची, हे आपल्याला सांगता आले पाहिजे, म्हणून एक साधा हिशेब मांडते. ४८ किलोहर्ट्‌झ आणि २४ बिटच्या स्टिरिओ आवाजाला सेकंदाला सुमारे २८८ किलोबाइट लागतात. समजा ४० स्वर एकत्र वाजत आहेत, प्रत्येकाचे दोन थर मिसळत आहेत आणि तीन मायक्रोफोन चालू आहेत. म्हणजे २४० आवाज एका वेळी, आणि सेकंदाला सुमारे ६९ मेगाबाइट. हा आकडा फिरत्या चकतीच्या जुन्या हार्ड डिस्कलाही वरकरणी झेपेल असे वाटते, पण तिचे टोक एका वेळी एकाच ठिकाणी असते आणि इथे तिला २४० ठिकाणांहून माहिती उचलायची असते, म्हणून ती अडखळते. साधी साटा एसएसडीसुद्धा या कामाला पुरते. लायब्ररीसाठी स्वतंत्र एसएसडी ठेवावी, ती गच्च भरू नये, आणि लायब्रऱ्यांचे फोल्डर एकदा जिथे ठेवले तिथेच राहू द्यावे. जागा बदलली की प्लेअर सॅम्पल हरवल्याची तक्रार करतो.

रॅमची गरज वेगळ्या कारणाने पडते. कळ दाबताक्षणी आवाज यावा म्हणून प्लेअर प्रत्येक सॅम्पलचा सुरुवातीचा तुकडा रॅममध्ये ठेवतो आणि उरलेला भाग डिस्कवरून वाचतो. तुकडा ६० किलोबाइटचा असेल आणि २०,००० सॅम्पल उघडलेली असतील, तर त्यातच १.२ गिगाबाइट खर्च होतात. एसएसडी असेल तर कॉन्टॅक्टमध्ये हा तुकडा बराच लहान करता येतो. पूर्ण वाद्यवृंदासाठी ३२ गिगाबाइट रॅम ही समाधानकारक सुरुवात आहे. १६ असेल तर जो मायक्रोफोन आणि जी आर्टिक्युलेशन (वादनाचे प्रकार) वापरात नाहीत ती उतरवून ठेवायची शिस्त लावून घ्यावी.

वाजवताना बफर, म्हणजे संगणक एका वेळी तयार करतो तो आवाजाचा तुकडा, २५६ ठेवला तर ४८ किलोहर्ट्‌झला सुमारे ५ मिलिसेकंदांचा उशीर होतो, १०२४ ठेवला तर २१ मिलिसेकंदांचा. मुद्रण करताना पहिला आणि मिक्स करताना दुसरा वापरावा.

मांडणी, एका वाद्यापासून

संपूर्ण वाद्यवृंद एका बैठकीत उघडून बसू नये. फक्त चेलो घ्यावा, तो पूर्णपणे बसवावा आणि मग त्याच साच्यात बाकीची वाद्ये ओतावीत.

चेलोचा सर्वांत खालचा स्वर मिडीच्या, म्हणजे कीबोर्ड आणि संगणक यांच्यातल्या संदेशांच्या भाषेत ३६ क्रमांकाचा आहे. व्हिओलाचा ४८, व्हायोलिनचा ५५. क्रमांक मुद्दाम सांगते, कारण सप्तकांच्या नावांचा घोळ अनेकांना तासन्‌तास छळतो. मधला सी, म्हणजे क्रमांक ६०, संगीत मुद्रित करण्याच्या सॉफ्टवेअरांपैकी क्यूबेसमध्ये सी ३ असतो, रीपरमध्ये मुळात सी ४ आणि एफएल स्टुडिओत सी ५. लायब्ररीच्या पुस्तिकेत कीस्विच, म्हणजे वादनाचा प्रकार बदलणारी कळ, सी ० वर आहे असे लिहिलेले असते, आपण आपल्या सॉफ्टवेअरमधला सी ० दाबतो आणि काहीच घडत नाही. प्लेअरच्या पडद्यावरच्या पट्टीवर प्रत्यक्ष कोणती कळ रंगीत दिसते ते पाहावे आणि तिचा क्रमांक वहीत लिहावा.

त्यानंतर नियंत्रणे. बहुतेक लायब्रऱ्यांत मिडी कंट्रोलर १, म्हणजेच मॉड व्हील, हा वादनाचा जोर बदलतो आणि ११ हा केवळ आवाजाची पातळी. जोर बदलला की पोत बदलतो, पातळी बदलली की तोच पोत जवळ किंवा लांब जातो. म्हणून ओळीचा भाव १ ने घडवावा आणि ११ ने वाक्याची टोके गोल करावीत. दोन छोटे फेडर असलेले एखादे यंत्र घेऊन डाव्या हाताने दोन्ही एकत्र चालवण्याचा सराव केला, तर माउसने रेघा ओढत बसण्याची गरज फारशी उरत नाही. छोट्या तुटक स्वरांना मात्र बहुधा कळ किती जोरात दाबली यावरून जोर मिळतो. लांब, तुटक, पिझिकाटो (बोटाने छेडलेले), ट्रेमोलो (थरथरते) यांच्यात ये-जा करण्यासाठी क्यूबेसमध्ये एक्स्प्रेशन मॅप आणि लॉजिकमध्ये आर्टिक्युलेशन सेट आहेत. ते एकदाच तयार करावेत आणि सगळ्या वाद्यांना नावे व क्रम एकसारखे ठेवावेत.

आता उशीर. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यानेच सर्वांत मोठा फरक पडतो. खऱ्या वादकाच्या धनुष्याला स्वर उमलवायला वेळ लागतो आणि तो वेळ सॅम्पलमध्येही असतो. लेगाटोत तर सांधा पूर्ण होऊन पुढचा स्वर ऐकू येईपर्यंत १०० ते ३०० मिलिसेकंद सहज जातात. मी असे करते: तिसऱ्या मात्रावर्तनाच्या पहिल्या ठोक्यावर अचूक एक स्वर ठेवते, तो ऑडिओ म्हणून बाहेर काढते, लहर मोठी करून पाहते आणि ठोक्याची रेघ व स्वर खरोखर ‘लागल्या’ची जागा यांतले अंतर मोजते. एकदा चेलोच्या तुटक स्वरांत हे अंतर ६० आणि लेगाटोत २२० मिलिसेकंद भरले. मग दोन्हींसाठी वेगळे ट्रॅक केले आणि क्यूबेसच्या ट्रॅक डिलेमध्ये उणे ६० आणि उणे २२० लिहिले, म्हणजे ते ट्रॅक तेवढे आधी वाजू लागले. लॉजिक आणि रीपरमध्येही हीच सोय आहे. त्याआधी तबल्याच्या ठेक्याबरोबर चेलो सतत मागे ओढल्यासारखा वाटत होता, आणि मी लयीचा दोष माझ्या बोटांना देत होते. प्रत्येक लायब्ररीचे आकडे वेगळे येतात, म्हणून माझे आकडे न उचलता स्वतः मोजावे.

सगळी वाद्ये अशी बसली की समतोल पाहावा. अनेक लायब्रऱ्यांत प्रत्येक वाद्याचा आवाज सोयीसाठी सारखाच मोठा करून दिलेला असतो, त्यामुळे एकटा फ्लूट तीन ट्रंबोनना सहज दाबतो. जोरदार वादनात दोन हॉर्न मिळून एका ट्रंपेटची बरोबरी करतात, हा वाद्यवृंदरचनेतला जुना ठोकताळा प्रमाण मानून ब्रास लावावा, नंतर तंतुवाद्ये, आणि वुडविंड शेवटी. एखादे आवडते ध्वनिमुद्रण शेजारच्या ट्रॅकवर ठेवून पुन्हा पुन्हा ताडून पाहावे. दालनात बसवूनच मुद्रित केलेल्या वाद्यांना पुन्हा डावे-उजवे सरकवू नये. घुमारा द्यायचाच झाला, तर सर्वांना मिळून एकच आणि अगदी थोडा द्यावा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यांत संध्याकाळी ढोल-ताशांचा सराव सुरू असताना हळू थरांचा समतोल ठरवायला बसू नये. बाहेरच्या गोंगाटात आपण नकळत सगळेच वाढवून ठेवतो. त्या दिवसांत मी हे काम पहाटे करते.

हा सगळा साचा टेम्प्लेट म्हणून जतन करावा, वापरात नसलेले ट्रॅक बंद ठेवावेत आणि त्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवावी. महावितरणचा काही भरवसा नसल्यामुळे संगणकाला यूपीएस हवाच.

नाट्यगृहासाठी फाइल काढताना आधी संपूर्ण संगीत मोनोत ऐकावे. दूरचे मायक्रोफोन मोनोत पोकळ वाटले, तर ते उतरवून मधल्या मायक्रोफोनांवर भर द्यावा. तंतुवाद्ये, वुडविंड, ब्रास आणि तालवाद्ये यांच्या वेगवेगळ्या फाइल ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिटमध्ये काढाव्यात, म्हणजे तालमीत दिग्दर्शकाने ‘ब्रास जरा कमी’ म्हटले तर ते तिथल्या तिथे करता येते. आणि प्रत्येक फाइलमध्ये शेवटच्या स्वरानंतर पाच-सहा सेकंद मोकळे सोडावेत, कारण दालनाचा घुमारा तेवढा वेळ हवेत रेंगाळत असतो, आणि अंधार होताना प्रेक्षक तोच ऐकत असतात.